'वर्किंग प्रोफेशनल' म्हणजे नक्की काय करता हो?

ठाणे_वाशी_लोकल (धागाकर्ती)

गेले चार महिने डेटिंग ॲपवर आहे. वय ३४, घटस्फोटाला तीन वर्षं झाली, पाचपाखाडीत आईबरोबर राहते. (आईला ॲपचं माहीत आहे. ती त्याला 'तुझं ते मोबाइलमधलं सूचक मंडळ' म्हणते.) एवढी ओळख पुरे.

प्रश्न साधा आहे. लोक स्वतःला 'प्रोफेशनल' म्हणवतात तेव्हा त्यांना काय सांगायचं असतं?

'वर्किंग प्रोफेशनल, ठाणे वेस्ट.' 'प्रोफेशनल बाय डे, ट्रेकर बाय वीकेंड.' 'वेल-सेटल्ड प्रोफेशनल, लुकिंग फॉर सेम.' मागच्या रविवारी दुपारी मोजायला घेतलं, वीस झाल्यावर नाद सोडला. किती किल्ले केले ते आहे, कुत्र्याचं नाव आहे, उंची तर इंचात आहे. पोट कशावर भरतं तेवढं सोडून सगळं आहे.

आतापर्यंत तिघांना भेटले. पहिल्याने भेटीआधी ईमेल आयडी मागितला. मला वाटलं फोटो-बिटो पाठवणार असेल. आलं ते कॅलेंडरचं आमंत्रण : 'कॉफी, ४५ मिनिटं, अजेंडा - इंट्रो'. ते दोनदा पुढे ढकललं गेलं आणि दोन्ही वेळा माझा फोन ऑफिसात टुणकन वाजला. शेवटी राम मारुती रोडवर भेटलो. काम काय करतोस विचारलं तर म्हणाला 'क्लायंट-साइड'. कुठल्या साइडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. चाळीस मिनिटं होत आली तसा 'सो, नेक्स्ट स्टेप्स' म्हणून मोबाइल उचलला.

दुसरा 'फायनान्स प्रोफेशनल'. तलावपाळीला दोन चकरा मारल्या, भेळ खाल्ली, बोलायला छान होता. तिसऱ्या चकरेला विचारतो, तुझा टर्म इन्शुरन्स आहे का? मी हसले. त्याने सॅकमधून टॅब काढला. माझी जन्मतारीख त्यात आधीच भरलेली होती.

तिसऱ्यावर विनोद करवत नाही. आठ महिने त्याच्या हाताला काम नव्हतं, ते त्याने कोपिनेश्वरासमोर चपला घालता घालता सांगितलं. प्रोफाइलमधला 'प्रोफेशनल' काढायचा राहून गेला होता की मुद्दाम ठेवला होता, ते मी विचारलं नाही.

आता माझंच सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांची उणीदुणी काढते. मी तुर्भ्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे. न्हावाशेव्याला माल उतरतो त्याची कागदपत्रं बघते : बिल ऑफ एंट्री, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कंटेनरचा नंबर सगळीकडे एकच आहे ना. चुलतबहीण म्हणाली, हे कोण वाचणार, 'लॉजिस्टिक्स प्रोफेशनल' टाक. टाकलं. मॅचेस वाढल्या. आणि मला त्याचाच राग आला.

---

घोडबंदरचा_खड्डा

पहिला! चहा ठेवून येतो.

बाकी माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला पी.टी. २०० कापलेला असतो, फेब्रुवारीत ३००. पी.टी. म्हणजे प्रोफेशन टॅक्स. वर्षाला २५०० रुपये मोजणारा मी सरकारमान्य प्रोफेशनल आहे. स्लिप दाखवू?

---

ताळेबंद

खड्डेसाहेब, स्लिप मागे घ्या. कायद्याचं पूर्ण नाव 'महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५'. शब्द चार आहेत आणि तुमचे २०० रुपये चौथ्यात जमा होतात. २५०० च्या वर सरकारला जाताही येत नाही, राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच ती मर्यादा घातलेली आहे (१९८८ च्या घटनादुरुस्तीआधी ती २५० होती). शिवाय २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ आहे. तुमच्या हिशेबाने त्या प्रोफेशनल नाहीतच म्हणायच्या?

प्राप्तिकराचं विचाराल तर तिथे आणखी पंचाईत. १९६१ च्या कायद्याच्या (एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा कायदा आला) कलम ४४ एए मध्ये प्रोफेशन कुठले ते नावानिशी दिले होते : वकिली, वैद्यकी, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, इंटिरिअर डेकोरेशन. पुढे अधिसूचना काढून सिनेकलाकार वगैरे घातले. तेही स्वतःची प्रॅक्टिस असेल तरच. पगार घेतला की तुम्ही 'सॅलरी' या शीर्षाखाली, मग हुद्दा कितीही मोठा असो. जुलैत माझ्याकडे रिटर्न भरायला येणारे बहुतेक 'प्रोफेशनल' आयटीआर-१ चे, म्हणजे पगारदारांच्या साध्या फॉर्मचे, गिऱ्हाईक असतात.

अवांतर : आम्हा प्रॅक्टिस करणाऱ्या सीएंवर आणि वकिलांवर जाहिरात करण्याबाबत बंधनं आहेत. कायद्याच्या लेखी जे पक्के प्रोफेशनल, त्यांनीच गप्प बसायचं.

---

गडकरी_कट्टा

मराठीत लिहून बघा म्हणजे शब्दाची गंमत कळेल. आमच्या रंगायतनात दोनच जाती : व्यावसायिक आणि हौशी. व्यावसायिक म्हणजे तिकीट लावून, रात्रीचे पैसे घेऊन. हौशी म्हणजे खिशातले घालून. आता सांगा, डेटवर येणारा माणूस यातला कुठला हवा?

'पेशा' लिहा, मोडी लिपीतला कागद वाचल्यासारखं वाटेल. 'धंदा' लिहा. पुरुषाने 'धंदा करतो' लिहिलं तर सासरे गाडी किती मोठी ते विचारतील. बाईने तेच लिहावं आणि तासाभरात इनबॉक्स उघडून बघावा.

---

सेक्टर_सतरा

डेटिंगचा अनुभव शून्य (बायको हा धागा वाचते), पण हा शब्द आला कुठून ते मला माहीत आहे. भाड्याच्या जाहिरातीतून.

दहा वर्षांपूर्वी मी ऐरोली-घणसोलीत खोली शोधत होतो. प्रत्येक बोर्डावर 'ओन्ली वर्किंग प्रोफेशनल्स, नो बॅचलर्स'. मी तेव्हा दोन्ही होतो. एजंटला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "आयटी की बीपीओ?" मी म्हटलं, बीपीओ. म्हणाला, मग नाही चालणार, मालकाला प्रोफेशनल पाहिजे. आयटी पार्क तोच, गेट तोच, गळ्यातल्या पट्ट्याचा रंगसुद्धा तोच. फरक एवढाच की मी पहाटे चारला कॅबमधून उतरणार आणि लोखंडी गेट वाजणार.

तेव्हा घरमालकाच्या भाषेत प्रोफेशनल म्हणजे एक तारखेला भाडे देणारा, रात्री अकराला दिवा घालवणारा, मासळी घरात न तळणारा आणि अकरा महिन्यांनी कटकट न करता जाणारा. प्रोफाइलवालेही तेच सांगतायत : मी त्रास देणार नाही, डिपॉझिट सुरक्षित आहे.

---

रेडिंगचा_पाऊस

सेक्टर_सतरा, इकडे इंग्लंडात शब्दाचा प्रवास अगदी असाच आहे. इथे वर्तमानपत्रांत 'लोन्ली हार्ट्स' नावाच्या छोट्या जाहिराती यायच्या. जागा थोडी, म्हणून सगळं आद्याक्षरांत. 'प्रोफेशनल मेल, ४१, जीएसओएच, डब्ल्यूएलटीएम...' म्हणजे विनोदबुद्धी चांगली आहे आणि अमुक अमुक बाईला भेटायला आवडेल. त्यात 'प्रोफेशनल' मात्र पूर्ण लिहायचे. पदवी, ऑफिस, महिन्याचा पगार आणि घरी बोलली जाणारी इंग्रजी, सगळं त्या एका शब्दात बसायचं.

खोल्यांच्या जाहिरातीतही तोच : 'प्रोफेशनल्स ओन्ली, नो डीएसएस'. डीएसएस हे सरकारी भत्ता देणारं खातं. खातं २००१ मध्ये बंद झालं, जाहिरातीतलं 'नो डीएसएस' नंतरही वर्षानुवर्षं छापून येत राहिलं. २०२० मध्ये यॉर्कच्या कोर्टाने असा सरसकट नकार बेकायदा ठरवला.

आमच्या गल्लीतला प्लंबर माझ्यापेक्षा जास्त कमावतो, हे मला त्याची बिलं भरताना कळलंय. तो कधी स्वतःला प्रोफेशनल म्हणत नाही. मी म्हणतो.

मूळ अर्थ मात्र मजेदार आहे. लॅटिनमध्ये 'प्रोफेस' करणं म्हणजे चारचौघांत जाहीर करणं. मठात शिरताना संन्यासी जी शपथ घेई ती 'प्रोफेशन'. त्या अर्थी डेटिंग ॲपवरचा प्रोफेशनल म्हणजे ब्रह्मचर्याची जाहीर शपथ घेतलेला इसम.

---

घोडबंदरचा_खड्डा

@रेडिंग, माझ्या मॅचेस बघता ती शपथ मी नकळत घेतलेली दिसते.

---

रात्रपाळी

बराच वेळ नुसती वाचत होते. लोकलताई, तुम्हाला शब्दाचा राग आला हे समजलं, पण माझी बाजू ऐका.

मी नर्स आहे. वाशीत, आयसीयूत. जीएनएम केलंय, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे, नोंदणी क्रमांक आहे. ताळेबंद यांनी दिलेल्या यादीत मी कदाचित नसेन, पण माझं नाव रजिस्टरवर आहे, माझी चूक झाली तर ते नाव खोडलं जाऊ शकतं.

पहिल्या आठवड्यात प्रोफाइलवर स्पष्ट 'नर्स' लिहिलं होतं. आलेले मेसेज इथे लिहिणार नाही. सौम्यातला सौम्य होता, 'इंजेक्शन कधी देणार?' एकाने युनिफॉर्ममधला फोटो मागितला. बारा तास उभं राहून, एका आजोबांचं तोंड पुसून, त्यांच्या मुलीला बाहेर जाऊन सांगून घरी आल्यावर हे वाचायचं. आठव्या दिवशी 'हेल्थकेअर प्रोफेशनल' केलं. मेसेज बंद.

मला कामाची लाज नाही. मी दाराला साखळी लावलीय, एवढंच. भेटल्यावर पाच मिनिटांत सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघते.

---

ठाणे_वाशी_लोकल

रात्रपाळी, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझ्या कामाचं नाव ऐकून कुणी फोटो मागत नाही, फक्त जांभई देतात. म्हणून मला राग परवडतो. आता प्रोफाइल बघताना हेही मनात ठेवीन.

---

नौपाड्यातले_काका

मी १९८६ ते २०११ नौपाड्यातल्या एका वधू-वर मंडळाच्या वह्या सांभाळत होतो, विनामूल्य, दर रविवारी सकाळी १० ते १. त्यातला 'नोकरी / व्यवसाय' हा रकाना मी इतक्या वेळा वाचला आहे की त्यावर बोलायचा मला अधिकार आहे, असे समजतो.

सुरुवातीच्या वह्यांत काय असे? 'कंपनीत पर्मनंट. फिटर.' 'वागळे इस्टेट, टर्नर, ओव्हरटाइम मिळतो.' 'बेलापूर रोडला केमिकल कंपनीत, कंपनीची बस आहे.' ठाणे तेव्हा कारखान्यांचे गाव होते. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि वागळे इस्टेट हे तिचे पहिलेवहिले अपत्य. मुलीची आई विचारी, कँटीन आहे का, बोनस किती टक्के, तीन पाळ्या आहेत का. 'फिटर' शब्द कुणी लपवत नसे, कारण त्याच्या शेजारी 'पर्मनंट' उभा असे. फिटर म्हणजे काय करतो हे निम्म्या आयांना ठाऊक नसावे. पर्मनंट म्हणजे काय ते मात्र पक्के ठाऊक होते.

मग पोखरण रोडचे कारखाने एकेक करून गेले, तिथे टॉवर झाले. वहीत 'कंपनीत' जाऊन 'एमएनसीत' आले. शेवटच्या पाच-सहा वर्षांत मुलेच फॉर्म भरू लागली, तेव्हा पहिल्यांदा 'प्रोफेशनल' दिसला. मी एकाला विचारले, अरे, पर्मनंट आहेस ना? तो हसला. म्हणाला, काका, तसे आता काही नसते.

हा शब्द त्या रिकाम्या जागेत आला आहे, असे मला वाटते. ज्याची नोकरी दोन वर्षांनी दुसऱ्या नावाची असणार, तो रकान्यात लिहील तरी काय?

(आणि तुमचे ते 'लुकिंग फॉर सेम' वाचून हसू आले. आमच्याकडे शेवटचा रकाना होता 'अपेक्षा'. तिथे शंभरातले बरेच जण लिहीत, 'अनुरूप'.)

---

गडकरी_कट्टा

काका, वेगळा धागा काढा वह्यांवर. विनंती नाही, ऑर्डर समजा.

---

गॅस_चार्जिंग

नमस्कार. इथे वाचतो, लिहीत नाय कधी. काकांनी फिटर लिहिलं म्हणून लिहितो. माझे वडील बेलापूर रोडला फिटर होते.

मी कळव्याचा. आयटीआय, एसी-रेफ्रिजरेशनचा ट्रेड, दोन वर्षांचा. सात वर्षं एका एजन्सीत होतो, आता स्वतःचं आहे. हाताखाली दोन पोरं, एक सेकंडहँड व्हॅन. ॲपवर लिहिलेलं 'एसी मेकॅनिक, कळवा'. दोन महिन्यांत दोन मॅच. त्यातल्या एकीने विचारलं, "सर्व्हिसिंगचे किती घेता?" मी रेट सांगितला. काम दिलं तिने, दोन एसी होते, खोटं का बोलू.

मग भाच्याने प्रोफाइल बदलून दिली. 'एचव्हीएसी प्रोफेशनल. आंत्रप्रेन्युअर.' फोटो तोच, शर्ट तोच. आठवड्यात मॅच यायला लागले.

एकीला उपवनला भेटलो. शिकलेली, बोलायला चांगली. चहा घेतला. तिने विचारलं, एचव्हीएसी म्हणजे काय. म्हटलं, एसी बसवतो, रिपेअर करतो. ती म्हणाली, "स्वतः?"

मला आधी कळलंच नाही काय विचारते. म्हणाली, म्हणजे माणसं ठेवून करून घेता, की स्वतः? मी म्हटलं, स्वतः. परवाच हिरानंदानीत चौदाव्या माळ्यावर ग्रिलच्या बाहेर बसून आउटडोअर उतरवला. ती "ओह, रिस्की ना" म्हणाली. चहा पूर्ण प्यायली, पैसेही अर्धे दिले. रात्री बघितलं तर अनमॅच.

तिला नाव ठेवत नाय. पण 'स्वतः' हा शब्द तीन दिवस डोक्यात होता.

आता प्रोफेशनल कशाला म्हणायचं ते माझ्या धंद्यातलं सांगतो. आर-३२ गॅस वजनावर भरायचा असतो. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. त्याआधी व्हॅक्यूम पंप लावून लाइनमधली हवा आणि ओल काढायची, त्याला वेळ लागतो. बरेच जण पंप आणतच नाहीत. थोडा गॅस सोडून हवा काढल्यासारखं करतात, पाइपला हात लावून गार लागला की "झालं साहेब". त्या दिवशी कूलिंग चांगलंच देतो. बोंब पुढच्या सीझनला होते, तोपर्यंत माणूस गायब. मी पंप आणि काटा दोन्ही घेऊन जातो, लिफ्ट नसेल तरी. गिऱ्हाइकाला काटा दाखवतो. ते बघत नाय, मोबाइलमध्ये असतात. तरी दाखवतो.

---

रात्रपाळी

आमच्याकडेही असंच आहे. सलाइनचे थेंब घड्याळ लावून मोजणारी आणि नुसतं बघून "ठीक आहे" म्हणणारी, दोघींचा पगार सारखाच.

---

तोंडावर_बोलते

सगळे हळवे झालेत, म्हणून कुणीतरी बोलायला हवं. गॅस_चार्जिंगदादा, काम उत्तम करता यात शंका नाही. पण तुम्ही 'एचव्हीएसी प्रोफेशनल' लिहिलंत ते त्या मुलीचा गैरसमज व्हावा म्हणूनच ना? मग तो दूर झाल्यावर ती गेली तर ती उथळ कशी? रात्रपाळीने साखळी लावली, ठीक. तुम्ही पाटीच बदललीत.

आणि लोकलताई, तुम्हीही 'लॉजिस्टिक्स' लिहिलंत तेव्हा तुर्भ्याचं ऑफिस लपवत होतात.

---

गॅस_चार्जिंग

बरोबर आहे ताई. उथळ मी म्हणालो नाय तिला. पाटी बदलली हे खरंय. म्हणूनच काढली. आता लिहिलंय, 'एसी दुरुस्त करतो. स्वतः.' मॅच परत कमी झाले, ते चालेल.

---

सेक्टर_सतरा

'स्वतः' ठेवलंत हे झकास.

---

ठाणे_वाशी_लोकल

तोंडावर_बोलते, मान्य. काल रात्री लोकलमध्ये उभ्या उभ्या बदललं. ऐरोली ते ठाणे तेवढाच वेळ लागला. आता असं आहे : 'बंदरावर आलेल्या मालाची कागदपत्रं तपासते. कंटेनरच्या नंबरात एक आकडा चुकला तर मला झोप येत नाही.'

चोवीस तासांत एकच मेसेज आला. 'डिटेन्शन आणि डेमरेज यात फरक काय?' चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी कामाबद्दल विचारलं. मी उत्साहाने लिहिलं : कंटेनर फुकटच्या दिवसांपेक्षा जास्त बंदरात पडून राहिला तर डेमरेज, बाहेर नेऊन रिकामा परत द्यायला उशीर केला तर डिटेन्शन, शिवाय एक उदाहरण, शिवाय हिशेब. अजून त्याने उघडलेलं नाही.

---

घोडबंदरचा_खड्डा

उघडेल. एवढं वाचायला सुट्टी टाकावी लागत असेल.

---

ताळेबंद

हिशेब इथेही टाका, मी वाचतो.

---

नौपाड्यातले_काका

अवांतराबद्दल क्षमस्व. गॅस_चार्जिंग, आमच्या दिवाणखान्यातल्या एसीतून भिंतीवर पाणी गळते आहे. गॅस संपला असेल का?

---

गॅस_चार्जिंग

काका, बहुतेक ड्रेन पाइप तुंबलाय. गॅस भरायला कोणी आला तर भरू देऊ नका. मी शनिवारपर्यंत फुल्ल आहे, रविवारी सकाळी १० ते १ मध्ये येतो, ती तुमची वेळ मोकळी असेल आता. तोपर्यंत एसी बंद ठेवा आणि पाइपात तोंडाने फुंकू नका.

---

नौपाड्यातले_काका

शेवटचे वाक्य आधी लिहायला हवे होते. सोफा वाळत घातला आहे.